रंग चुकलेला दिसला, तरी गप्प बसावे काय?

फोंड्याचा भिडू

आपल्यातील एका सदस्याने काल येथे शनिवारच्या ब्रिजमधील एका डावाचे वर्णन मोठ्या समाधानाने लिहिले आहे. ते डिक्लेरर, म्हणजे बोली जिंकून डाव खेळणारे, होते. त्यांनी किलवरची उतारी केली, तेव्हा बचावातील एका वयस्क गृहस्थांनी ती हुकमाने कापली. त्या गृहस्थांच्या भिडूचे किलवर आधीच संपले होते, त्यामुळे उरलेली पाने यांच्याकडेच असणार हे सदस्यांना त्याच क्षणी कळले. तरीही ते गप्प राहिले, त्या गृहस्थांनी पुढची उतारी करून रिव्होक, म्हणजे रंग हातात असूनही न देण्याची चूक, पक्का होईपर्यंत थांबले आणि मग डायरेक्टरला, म्हणजे पंचाला, बोलावून दंडाचे दोन हात वसूल केले. शेवटी त्यांनी लिहिले आहे की, ज्याला दया दाखवायची असेल त्याने पत्त्यांना हातच लावू नये.

मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट सांगितले पाहिजे. प्रतिस्पर्ध्याने राणी कोणाकडे आहे याचा अंदाज चुकवला, हुकूम काढायला उशीर केला किंवा झेपणार नाही एवढी बोली लावली, तर त्याचा पुरेपूर फायदा घ्यावा, कारण खेळ त्यासाठीच असतो. परंतु दोन पानांच्या मागे एक पान दडून राहिले आणि ते डोळ्यांना दिसले नाही, या चुकीत बुद्धीची हार कोठे आहे? शिवाय समोरचा खेळाडू रंगाला पान देत नसेल, तर ‘किलवर नाही?’ असे विचारण्याची मुभा नियम डिक्लेररला स्पष्टपणे देतात. म्हणजे चूक तेथल्या तेथे दुरुस्त करण्याचा मार्ग त्यांच्यासमोर उघडा होता, आणि तो त्यांनी समजून उमजून घेतला नाही. दंड घेतला याबद्दल माझी तक्रार नाही. दंड वाढावा म्हणून ते थांबले, ही माझी तक्रार आहे.

बिनहुकुमी, पणजी

तो सदस्य मीच. प्रसंग आपण बरोबर मांडला आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा काढला आहे. विचारण्याची मुभा असणे वेगळे आणि विचारण्याचे बंधन असणे वेगळे. तोच प्रश्न त्या गृहस्थांच्या भिडूलाही विचारता आला असता; तो गप्प का बसला, असे आपण विचारत नाही. आपल्या भिडूची काळजी त्याने घ्यायची, की मी?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हा घरचा डाव नव्हता. तेच पत्ते त्या संध्याकाळी इतर टेबलांवरही खेळले गेले आणि गुण त्यांच्याशी तुलना करूनच मिळाले. मी औदार्य दाखवले असते, तर त्या जोडीला मिळालेले जादा गुण त्यांच्याच दिशेला बसलेल्या बाकीच्या जोड्यांना भोवले असते. ज्यांनी लक्षपूर्वक पाने मोजली आणि एकही चूक केली नाही, त्यांच्यावर हा अन्याय करण्याचा अधिकार मला कोणी दिला? म्हणूनच दंड ठरवणे किंवा माफ करणे हे खेळाडूंच्या हातात नाही, असे नियमावलीच्या दहाव्या कलमात म्हटले आहे. खेळाडू फार तर डायरेक्टरला माफीची विनंती करू शकतो, निर्णय त्याचा. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये सुवर्णपदक मिळवले, तेव्हा आपण सर्वांनी येथे अभिमानाने लिहिले होते. या खेळाला खेळ म्हणायचे असेल, तर त्याचे नियम वयाप्रमाणे सैल करता येणार नाहीत.

मडगावची वाचक

नियमावलीचा एवढा आधार घेता, तर तिच्यातील बहात्तरावे कलमही वाचा. आपल्याच बाजूकडून चूक झाली असेल, तर ती स्वतःहून सांगण्याचे बंधन नाही, असे त्यात आहे. फक्त ती लपवण्यासाठी पाने मिसळू नयेत किंवा पुन्हा रिव्होक करू नये, एवढीच मनाई आहे. आपण स्वतः रंग चुकवला आणि कोणाच्याही लक्षात आले नाही, तर घरी जाऊन आपल्याला शांत झोप लागेल काय? नियमात बसते तेवढ्याने माणूस प्रामाणिक ठरत नाही.

आमच्या घरी चवथीला आरती आटोपली की वसरीत चटई पसरून ‘तीनशे चार’ हा पत्त्यांचा खेळ खेळतात. माझ्या सासऱ्यांना मोतीबिंदू झाला होता आणि दिवा माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीच्या, बाजूला असल्यामुळे त्यांच्या हातातील पानांवर सावली पडत होती. बदामाची नव्वी त्यांनी चौकटच्या पानांत खोवून ठेवली होती. बदामाची उतारी आली, तेव्हा त्यांनी भलतेच पान टाकले. या खेळात नव्वीचे वीस गुण असतात आणि तिच्या वर फक्त गुलाम, त्यामुळे ही लहानसहान चूक नव्हती. विरुद्ध जोडीतले शेजारी, ज्यांचा त्यात सरळ फायदा होता, एवढेच म्हणाले, “मामा, लाल पाने पुन्हा एकदा बघा.” सासऱ्यांनी पान बदलले. डाव शेजाऱ्यांच्या हातून गेला, पण त्यांच्याबरोबर खेळायला आमच्या घरचे सगळे आजही उत्सुक असतात.

साखळीकर

घरच्या खेळाचे एवढे कौतुक करू नये. आमच्या वाड्यावर चवथीच्या रात्री जे चालते, ते मी लहानपणापासून पाहत आलो आहे. गुलाम असला की कानाची पाळी ओढायची, हुकूम भरपूर असले की कपाळ चोळायचे, आणि नवरा-बायको भिडू असतील तर नुसत्या खाकरण्यावरून अख्खा हात कळतो. कोणी आक्षेप घेतला, तर ‘घरचाच खेळ आहे, एवढे काय मनाला लावून घ्यायचे’ असे म्हणून त्यालाच गप्प करतात. पान परत घेऊ देणारा हा मोठेपणा आणि खुणांकडे केलेली डोळेझाक एकाच सवयीतून येतात.

मडगावची वाचक

माझ्या सासऱ्यांच्या डोळ्यांचा आणि तुमच्या वाड्यावरील खुणांचा संबंध कृपा करून जोडू नका. एका आजारी माणसाला सावरून घेतले, त्याला तुम्ही लबाडीच्या रांगेत नेऊन बसवता, हे मला सहन होणार नाही.

साखळीकर

मी आपल्या सासऱ्यांविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही. खुणांविषयी मात्र मी बोलणारच, कारण या विषयावर सगळे नेहमी गप्प बसतात आणि जो बोलतो तोच भांडखोर ठरतो. पैसे लावलेले असोत वा नसोत, भिडूला खूण करणारा माणूस समोरच्या दोघांना रात्रभर मूर्ख बनवत असतो.

पेडणेकर

खुणांचा रोग घरांपुरता नाही. १९७५ साली बर्म्युडा बोल या जागतिक स्पर्धेत पहिल्यांदाच टेबलावर आडवा पडदा लावला, म्हणजे भिडूंनी एकमेकांचे चेहरे पाहू नयेत. त्याच स्पर्धेत फाक्किनी आणि झुक्केल्ली या इटालियन जोडीवर टेबलाखाली पायाने पाय दाबल्याचा ठपका आला, आणि मग टेबलाखालीही अडथळा ठेवावा लागला. वरून बंद केले तर खालून सुरू झाले! त्यामुळे साखळीकरांचा राग मला समजतो, परंतु घरच्या माणुसकीमुळे खुणा वाढतात हे त्यांचे म्हणणे टिकत नाही; त्या टेबलावर कोणीही कोणाला पान परत घेऊ देत नव्हते.

साखळीकर

हे मान्य करावे लागते. तरीही आमच्या वाड्यावर मी या वर्षी चटईवर बसणार नाही.

बिनहुकुमी, पणजी

पेडणेकरांनी दिलेले उदाहरण माझीच बाजू सांगते. माणसांच्या चांगुलपणावर विसंबून टेबल चालत नाही, म्हणून पडदे, डायरेक्टर आणि दंड लागतात. फोंड्याच्या भिडूंना हे का दिसत नाही?

फोंड्याचा भिडू

मला दिसते, आणि म्हणूनच मी हा भेद पुन्हा मांडतो. पायाने पाय दाबणाऱ्याचा दोष त्याच्या हेतूत असतो. रंग चुकवणाऱ्या त्या गृहस्थांचा हेतू शुद्ध होता. आपल्या प्रसंगात हेतू बाळगून वागलेला माणूस एकच आहे, आणि तो रिव्होक करणारा नाही. नियमांनी त्याला शिक्षा नाही, हे मी कधीच नाकारले नाही. इतर जोड्यांवरील अन्यायाचा आपला मुद्दाही मी मान्य करतो. त्याचा मी पुरेसा विचार केला नव्हता, आणि पक्का झालेला दंड परस्पर सोडून देऊ नये, हे त्यावरून सिद्धच होते. परंतु आपण त्याच क्षणी विचारले असते, तर कोणत्या जोडीचे काय नुकसान झाले असते? त्या गृहस्थांनी किलवर दिला असता, आणि बाकीच्या टेबलांवर जसा खेळला गेला तसाच तो डाव आपल्याही टेबलावर खेळला गेला असता. म्हणजे आपला न्यायाचा मुद्दाच विचारण्याच्या बाजूचा आहे, थांबण्याच्या नव्हे.

बिनहुकुमी, पणजी

हा युक्तिवाद मला आवडला नाही, पण त्याला माझ्याकडे उत्तर नाही. थांबणे गैर होते असे मी अजूनही म्हणणार नाही. येत्या शनिवारी तेच गृहस्थ समोर आले आणि पुन्हा तसेच घडले, तर मी ‘किलवर नाही?’ असे विचारीन. मात्र एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. बचावातील खेळाडूने पान बदलले, तर चुकीचे टाकलेले पान टेबलावर उघडे राहते आणि नियमाप्रमाणे पहिल्या संधीला ते खेळावेच लागते. ते पान मी त्यांना उचलू देणार नाही. त्या वेळी कोणी मोतीबिंदूचा विषय काढू नये.

फोंड्याचा भिडू

ते पान उघडेच राहिले पाहिजे. त्याबद्दल माझ्याकडून एक शब्दही येणार नाही.

मडगावची वाचक

माझ्याकडून येईल. पण आधी त्या क्लबात मोठ्या आकड्यांचे पत्ते आणा आणि टेबलावरचा दिवा बदला, मग दंडाचे बोलू.