मदत हवी आहे: क्षमता आणि उत्पादनातला फरक कसा समजावू?

मंडळी, बातमीत हमखास असतं, '१०० मेगावॉटचा सौर प्रकल्प, अमुक लाख घरं उजळणार.' अहो, १०० मेगावॉट ही क्षमता, तीही भर उन्हातली! रात्र, ढग, तिरपं ऊन धरून वर्षाची सरासरी क्षमतेच्या २० टक्के आली, तर वर्षाला साधारण १७.५ कोटी युनिट. तेवढाच अणुप्रकल्प ९० टक्क्यांनी चालला तर ७९ कोटी.

सौर-पवन ऊर्जेचे विरोधकही कमी नाहीत. 'पवनचक्की ३० टक्के वेळच चालते' असं ठोकून देतात. पाती बहुतेक वेळ फिरतच असतात, फक्त पूर्ण जोराने नाही.

बाबांशी यावरून रोज वाजतं. त्यांना पटेल असं घरगुती उदाहरण कोणी सुचवेल का? नळ-बादलीचं देऊन झालं, त्यांनी नळच बंद केला.