गाडी किती भरवशाची, हे मालकांना विचारून कसे ठरवावे? (जळगाव, धुळे, नंदुरबार)

गिरणाकाठ, जळगाव

नमस्कार मंडळी. जुनी गाडी घेताना आपल्या भागातला माणूस ओळखीच्या दोन-तीन जणांना विचारतो आणि त्यांच्या सांगण्यावर काही लाखांचा निर्णय घेतो. ज्याची गाडी चांगली चालली तो डोळे झाकून घ्या म्हणतो, ज्याला त्रास झाला तो त्या कंपनीचे नावही काढू देत नाही. यापेक्षा बरी व्यवस्था आपण खानदेशापुरती तरी उभी करू शकतो, असे मला मनापासून वाटते.

इतर देशांत हे काम निरनिराळ्या मार्गांनी चालते. अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था दरवर्षी आपल्या सदस्यांना गेल्या बारा महिन्यांत गाडीत काय बिघडले ते विचारते, जे. डी. पॉवर ही कंपनी तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी, असा आकडा काढते. जर्मनीत एडीएसी हा वाहनधारकांचा संघ रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांच्या मदतीच्या नोंदींवरून तक्ते करतो. ब्रिटनमध्ये तीन वर्षांपेक्षा जुन्या बहुतेक गाड्यांची दरवर्षी एमओटी ही सुस्थितीची सक्तीची तपासणी होते आणि तिचे निकाल सरकार अभ्यासासाठी खुले करते. आपल्याकडे खासगी मोटारीला फिटनेसची तपासणी लागते ती नोंदणीला १५ वर्षे झाल्यावर, म्हणजे त्या वाटेने माहिती मिळण्याची आशा नाही. राहिले फक्त मालक.

गाडी कोणती, काय बिघडले आणि खर्च किती आला, असा एक फॉर्म व्हॉट्सअॅपवरील गटांमध्ये फिरवावा असा माझा विचार आहे. कोणाला विचारावे, किती गाड्या पुरतील आणि बिघाड नेमका कशाला म्हणावा, याबद्दल जाणकारांनी मत द्यावे.

बोरीतीर, अमळनेर

उपक्रम करण्याजोगा आहे. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझे पहिले लक्ष गाडीपेक्षा विचारण्याच्या पद्धतीकडे जाते. गटात फॉर्म टाकला की तो भरणार कोण? ज्याची गाडी नुकतीच गॅरेजला लागली तो. ज्याची गाडी वर्षभर निमूट चालली त्याला फॉर्म उघडण्याचे कारणच नसते, आणि आपल्याला खरी गरज त्याच्याच उत्तराची असते. समजा एका मॉडेलच्या २० तक्रारी आल्या आणि दुसऱ्याच्या ८. पहिल्या मॉडेलच्या ४०० गाड्या जिल्ह्यात फिरत असतील आणि दुसऱ्याच्या फक्त ४०, तर वाईट गाडी दुसरी आहे. पण तक्रारी मोजणारा पहिलीलाच नावे ठेवील. छेदस्थानी किती गाड्या आहेत हे ठाऊक नसेल, तर अंशातल्या आकड्याला काही किंमत नाही.

म्हणून क्रम उलटा करावा. बिघाड होण्याच्या आधीच गाड्यांची नावनोंदणी करून घ्यावी आणि नंतर नोंदवलेल्या प्रत्येक मालकाला दर महिन्याला एकच प्रश्न विचारावा: या महिन्यात गाडीचे काही काम निघाले का? ‘नाही’ हे उत्तरही तितक्याच काळजीने नोंदवावे. उत्तर आले नाही, तर ते ‘नाही’ आहे असे गृहीत धरू नये. तो महिना त्या गाडीच्या खात्यातून सरळ वगळावा. दर महिन्याला विचारण्याचा दुसरा लाभ असा की माणसाला महिनाभरापूर्वीचे आठवते. वर्षापूर्वीचे काम मार्चमध्ये झाले की दिवाळीआधी, हे छातीठोकपणे सांगणारे थोडेच.

किती गाड्या पुरतील, याचा एक सोपा आडाखा आहे. एखाद्या मॉडेलच्या ३० गाड्यांपैकी एकीलाही वर्षभरात मोठा बिघाड झाला नाही, तरी त्या मॉडेलचा खरा दर दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो, एवढेच ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. तीनला गाड्यांच्या संख्येने भागले की ही वरची मर्यादा मिळते; १०० गाड्या असतील तर ती तीन टक्क्यांवर येते. पाच-सात गाड्यांच्या आधारावर कोणत्याही मॉडेलचे नाव प्रसिद्ध करणे अन्यायाचे ठरेल, मग ती स्तुती असो की निंदा.

पांझरा गॅरेज, धुळे

सरांचे म्हणणे पटले. बिघाड कशाला म्हणावा याबद्दल मी सांगतो, कारण रोज हेच प्रश्न माझ्यासमोर येतात.

ब्रेक पॅड, वायपर, टायर, फिल्टर हे झिजणारे भाग आहेत; ते बदलावे लागले म्हणून गाडी वाईट ठरत नाही. पण तेच पॅड अपेक्षेच्या निम्म्या किलोमीटरमध्ये संपले तर गोष्ट वेगळी, म्हणून भाग बदलला तेव्हाचे मीटरचे रीडिंग लिहिलेच पाहिजे. बॅटरीचे तर आपल्या हवेत निराळेच आहे. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. इथे तीन वर्षांत बसलेल्या बॅटरीचा दोष गाडीच्या माथी मारला, तर थंड हवेच्या गावातील त्याच मॉडेलशी तुलना चुकीची होईल. सगळ्यांची नोंद खानदेशातलीच असेल तर ऊन सर्वांना सारखे लागते, आणि स्थानिक माहितीचा मोठा फायदा मला यातच दिसतो.

मे महिन्यात एसी गार करत नाही म्हणून गाड्या येतात. बंपर उतरवला की कधी कंडेन्सरच्या जाळीवर काळ्या मातीच्या धुळीचा थर बसलेला असतो, आणि जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या जाळीत तर कापसाचे तंतू गच्च अडकलेले असतात. पाण्याने जाळी धुतली की एसी पूर्ववत होतो. गॅसच गळाला असेल आणि कंडेन्सरला छिद्र सापडले, तर तो मात्र गाडीचा दोष असू शकतो. मालकाच्या लेखी दोन्ही वेळा ‘एसी बिघडला’ एवढेच असते. त्यामुळे फॉर्ममध्ये तक्रार काय होती याच्यापुढे गॅरेजने नक्की काय केले, हा रकाना हवाच: साफ केले, दुरुस्त केले की भाग बदलला.

शेतातल्या घरासमोर उभ्या गाडीची वायरिंग उंदीर कुरतडतात, हेही नेहमीचे आहे. ते गाडीच्या खात्यात धरू नये, पण नोंद जरूर ठेवावी. एकाच मॉडेलमध्ये ते वारंवार दिसू लागले, तर वायरिंगला संरक्षण कमी आहे का हे तपासता येईल.

वापर कसा आहे, हेही विचारा. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या, बीएस-६ या प्रदूषण-मानकाच्या डिझेल मोटारींत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जळून जायला गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. धुळे-नाशिक नेहमी ये-जा करणाऱ्याला त्याचा दिवा सहसा दिसत नाही. गावातल्या गावात दुकान ते घर एवढीच फिरणारी तीच गाडी चोकअप होऊन येते. कन्नड घाटात भरल्या गाडीने अर्ध्या क्लचवर चढ चढणाऱ्याच्या क्लच प्लेटचेही तसेच. गाडी एक, पण दोघांच्या उत्तरांची सरसकट सरासरी काढली तर ती दोघांनाही लागू पडणार नाही.

सातपुडा पायथा, शहादा

मी आमच्या घरातील दोन्ही गाड्यांचा हिशेब ठेवते, त्या अनुभवावरून दोन गोष्टी सुचवते. वॉरंटीत बदललेल्या भागाचे पैसे द्यावे लागत नाहीत, म्हणून मालकाच्या तो लक्षातही राहत नाही. आमच्या एका गाडीचा स्टिअरिंगचा भाग सर्व्हिसिंगच्या वेळी बदलला होता आणि ते आम्हाला कळले केवळ जॉब कार्ड वाचल्यामुळे. नुसता खर्च विचारला तर असे बिघाड शून्य रुपयांचे म्हणून निसटतील. तेव्हा खर्चाबरोबर गाडी किती दिवस अडकून पडली आणि रस्त्यात बंद पडली का, हेही विचारावे. रात्री नवापूरच्या पुढे लेकराबाळांसह अडकलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने चारशे रुपयांचा सेन्सर हा किरकोळ बिघाड नसतो.

दुसरे म्हणजे, गाडीचा नंबर आणि मालकाचा मोबाइल नंबर तक्त्यात कोणाच्याही नजरेस पडू नये. आरसीवरून इंजिन, इंधन, गिअरबॉक्सचा प्रकार आणि उत्पादनाचा महिना-वर्ष घेतले की काम भागते. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल-मॅन्युअल आणि डिझेल-ऑटोमॅटिक यांची गाठोडी वेगळी ठेवली पाहिजेत.

कोणी म्हणेल की सदोष गाड्या परत बोलावण्याचे नियम आता आहेतच. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर सरकार कंपनीला तसा आदेश देऊ शकते हे खरे, परंतु ती तरतूद पर्यावरणाला किंवा माणसांना अपाय करू शकणाऱ्या दोषांसाठी आहे. दर पावसाळ्यात बंद पडणारी पॉवर विंडो त्यात बसत नाही, आणि तरीही जुनी गाडी घेणाऱ्याला ती आधी कळायला हवी.

गिरणाकाठ, जळगाव

सर, भाऊ, ताई, मनापासून आभार. फॉर्म फिरवण्याऐवजी आधी नावनोंदणी करू. ज्यांच्या गाडीला आजवर काहीच झालेले नाही त्यांनीही नाव द्यावे, असे आवाहन ठळक अक्षरांत लिहितो. एक शंका राहते. वर्षाच्या मध्ये कोणी गाडी विकली तर तिचे काय करावे? ती यादीतून काढून टाकावी का?

बोरीतीर, अमळनेर

काढून टाकू नका. ज्या महिन्यापर्यंत माहिती मिळाली तोपर्यंतचे महिने मोजा आणि तिथे थांबा; हिशेब गाड्यांवर न करता गाडी-महिन्यांवर (एका गाडीची एका महिन्याची नोंद म्हणजे एक गाडी-महिना) केला की हे आपोआप जमते. मात्र विकणाऱ्याला कारण अवश्य विचारा. सततच्या दुरुस्तीला कंटाळून लोक गाडी काढतात, आणि अशा गाड्या यादीतून गुपचूप गळत गेल्या तर उरलेल्या गाड्यांचा आकडा दरवर्षी सुधारत असल्याचा भास होईल. कुटुंब मोठे झाले म्हणून विकली, की गिअरबॉक्सचा खर्च ऐकून विकली, या दोन उत्तरांसाठी स्वतंत्र खुणा ठेवा. नवा मालक याच तीन जिल्ह्यांतला असेल, तर जुन्या मालकाकरवी त्याला विचारून बघा. तो तयार झाला तर तीच गाडी त्याच क्रमांकाखाली पुढे चालू ठेवता येईल आणि मीटरच्या रीडिंगमध्ये मध्येच घट दिसली तर तेही लगेच ध्यानात येईल.