मदत हवी आहे: लातूरकडची केबल तुटली, तरी लॅगवरचे दोन्ही राउटर पीआरसीला ‘लॉक्ड’ कसे?

नमस्कार मंडळी. लातूर-नांदेड पट्ट्यात मोबाईल बॅकहॉलचं (टॉवर मुख्य नेटवर्कला जोडणाऱ्या लिंकचं) फील्डचं काम बघतो. सिंकमधल्या (सगळ्या साइटचा क्लॉक एकसारखा ठेवण्यातल्या) जाणत्यांनी जरा लक्ष घाला.

साखळी अशी: लातूरला जीपीएसवरचा ग्रँडमास्टर (सगळ्यांना क्लॉक देणारा मूळ स्रोत, दर्जा पीआरसी म्हणजे सर्वात वरचा), तिथून अहमदपूर, मग लोहा, मग पुढच्या साइट. अहमदपूर-लोहा १०जीच्या दोन लिंक, एलएसीपी (लिंक एकत्र बांधणारा प्रोटोकॉल) लावून एकच लॅग, म्हणजे दोन्ही मिळून एकच लिंक. सिंक-ई (इथरनेटच्या सिग्नलवरूनच क्लॉकची फ्रिक्वेन्सी पुढं नेणं) सगळीकडे चालू. लोह्याला लॅगचा पोर्ट १ क्लॉकचा पहिला सोर्स, पोर्ट २ दुसरा. उद्या नांदेडकडून रिंग होणार म्हणून अहमदपूरलाही हेच दोन पोर्ट लातूरच्या खालच्या प्रायॉरिटीनं टाकून ठेवलेत.

रस्त्याच्या कामात जेसीबीनं लातूरकडची केबल उडवली. (आमच्याकडं पावसापेक्षा जेसीबी नेमानं येतो.) ट्रॅफिक मायक्रोवेव्हवर वळली, पण त्या जुन्या हॉपवर सिंक-ई नाही. म्हणजे अहमदपूर होल्डओव्हरला (बाहेरचा क्लॉक नसताना स्वतःच्याच क्लॉकवर तग धरणं) जायला पाहिजे होतं ना? स्क्रीनवर मात्र हे (क्यूएल म्हणजे क्लॉकचा दर्जा, लॉक्ड म्हणजे त्या सोर्सला जुळलेला):

अहमदपूर – सोर्स: पोर्ट २, क्यूएल-पीआरसी, लॉक्ड
लोहा – सोर्स: पोर्ट १, क्यूएल-पीआरसी, लॉक्ड

लातूर तुटलेलं असताना पीआरसी आला कुठून? संध्याकाळपासून बेसस्टेशनचे फ्रिक्वेन्सी अलार्म यायलेत. एनओसी (नेटवर्कवर नजर ठेवणारी कंट्रोल रूम) म्हणते राउटर हिरवे आहेत, साइट बघा. सपोर्टवाले म्हणतात लॅग अप आहे, एलएसीपी ठीक. आता कुणाला धरावं?

प्रतिसाद

दादा, हा टायमिंग लूप आहे. दोघं एकमेकांकडूनच क्लॉक घ्यायलेत.

लॅग ही लेयर २ ची, म्हणजे डेटा फ्रेमच्या थराची गोष्ट. सिंक-ईचा क्लॉक फिजिकल लेयरवर, प्रत्येक पोर्टचा वेगळा. दर्जा सांगणारा ईएसएमसी मेसेजही पोर्टगणिक सेकंदाला एक जातो. एलएसीपी आणि ईएसएमसी दोन्ही स्लो प्रोटोकॉल (मोजकेच मेसेज पाठवणारे), इथरटाइपही (फ्रेमवरचा प्रकाराचा क्रमांक) एकच ८८०९, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. त्यामुळं ‘एलएसीपी ठीक’ या उत्तराला इथं काही अर्थ नाही.

लोहा पोर्ट १ वरून क्लॉक घेतो, म्हणून त्याच पोर्टवर उलट डीएनयू पाठवतो: माझा क्लॉक वापरू नको. पोर्ट २ त्याच्या लेखी वेगळा रस्ता, तिथं तो पीआरसी सांगतो. लातूर असेपर्यंत अहमदपूर तिकडं बघत नाही. लातूर गेलं की पोर्ट २ वरचा पीआरसी त्याला खरा वाटतो आणि तो तिथं लॉक होतो. मग अहमदपूर पोर्ट २ वर डीएनयू देतो, पण पोर्ट १ वर पीआरसीच. झालं वर्तुळ. फ्रिक्वेन्सी हळूहळू सरकत जाते आणि राउटरला पत्ताच लागत नाही. हवेतली मर्यादा ५० पीपीबी (अब्जात ५० भाग), ती सुटली की बेसस्टेशन ओरडतं. साइटचा दोष नाही.

उपाय: दोन्ही टोकांना हे दोन पोर्ट सिंकच्या एकाच ग्रुपमध्ये घ्या. मग एका पोर्टवरून क्लॉक घेतला की डीएनयू दोन्हींवर जातो. काही राउटरमध्ये लॅग केला तरी हे आपोआप होत नाही, वेगळं लावावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये ती सोय नसेल तर अहमदपूरच्या सोर्स यादीतून लॅगचे पोर्ट सरळ काढा. रिंग होईल तेव्हा बघू. लोह्याच्या यादीत मात्र दोन्ही राहू द्या, एक फायबर गेलं तर दुसरं कामाला येतं.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. पुढं ५जी टीडीडीसाठी (एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीनं पाठवणं-घेणं, त्याला अचूक वेळ लागते) पीटीपी (मेसेज पाठवून वेळ जुळवणारा प्रोटोकॉल) चालवणार असाल तर एवढं बघा: लॅगच्या आयपीवर पीटीपी टाकलं तर सिंक मेसेज एका मेंबरवरून (लॅगमधल्या एका लिंकवरून) आणि डिले-रिक्वेस्ट दुसऱ्यावरून जाऊ शकते. जाण्यायेण्याच्या वेळेतल्या फरकाचा निम्मा भाग थेट टाइम एररमध्ये येतो. फायबरमध्ये मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद, म्हणजे दोन मेंबरच्या लांबीत ६०० मीटरचा फरक असला तरी टाइम एररचं १.५ मायक्रोसेकंदाचं अख्खं बजेट संपलं. तुमचं दुसरं फायबर वेगळ्या रस्त्यानं फिरून आलेलं असेल तर विषयच संपला. पीटीपी पोर्ट प्रत्येक मेंबरवर स्वतंत्र घ्या, दोन्ही राउटर बाउंड्री क्लॉक (वेळ स्वतः घेऊन पुढं नव्यानं देणारे) ठेवा.

धागाकर्ता

दादा, पटलं. दुसरं फायबर खरंच वेगळ्या रस्त्यानं आहे, लांबी ओटीडीआरवर (फायबर मोजायच्या यंत्रावर) बघून घेतो. अहमदपूरच्या यादीतून पोर्ट आजच काढायला सांगितलेत. ग्रुप लावल्यावर लातूरचा पोर्ट मुद्दाम बंद करून बघणार: अहमदपूर होल्डओव्हरला गेलं पाहिजे आणि लोह्याला पीआरसी दिसता कामा नये. अजून कुठला पोर्ट तपासायला हवा का?