ओव्हरक्लॉकिंगमध्ये आता राम उरला आहे का?

धागाकर्ता
ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर किंवा रॅम कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर, बसचा (प्रोसेसरला बाकी संगणकाशी जोडणाऱ्या वाटेचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की बहुतेक वेळा बिनतक्रार ४५० मेगाहर्ट्झवर चालत असे आणि कितीतरी महाग पेंटियम टूच्या तोडीचे काम देत असे. आज वेगाची तेवढी शिल्लक ग्राहकासाठी उरतच नाही, कारण कंपन्या ती आधीच वापरून टाकतात. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील वरचे प्रोसेसर तर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत तापावेत अशाच बेताने बनवलेले आहेत. त्यापुढे ५ टक्के वेगासाठी व्होल्टेज १० टक्के चढवावे लागले, तर वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे सुमारे २७ टक्क्यांनी वाढतो. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असताना ही जादा उष्णता टाकायची कुठे? प्रोसेसरचा वेग हाताने वाढवण्यात आता हशील नाही, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १
प्रोसेसरपुरते मान्य, पण आपण रॅमचा विचारच केलेला नाही. डीडीआर५ ४८०० सीएल४० (४८०० हा वेग, सीएल म्हणजे माहिती सुरू होण्याआधी थांबावी लागणारी चक्रे) रॅमला मागितलेली माहिती द्यायला सुरुवात करण्यास साधारण १६.७ नॅनोसेकंद लागतात, तर ६००० सीएल३० रॅमला १०. एक्स्पो, म्हणजे रॅम जलद चालवण्याचे तयार प्रोफाइल, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) सुरू केले की हा फरक पदरात पडतो, आणि ज्या गेममध्ये प्रोसेसर रॅमची वाट पाहत थांबतो तिथे तो जाणवतोही. शिवाय उन्हाळ्याचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. कर्व्ह ऑप्टिमायझर या एएमडीच्या सोयीने व्होल्टेज थोडे उतरवले, तर तोच प्रोसेसर कमी तापून तेवढाच, कधी त्याहून जास्त वेग देतो. हेही ओव्हरक्लॉकिंगच्याच विद्येचे फळ आहे.

प्रतिसाद २
वरील प्रतिसादाशी मी ठामपणे असहमत आहे. एक्स्पो म्हणजेही ओव्हरक्लॉकिंगच, आणि एएमडीच्या अटींनुसार ठरलेल्या मर्यादेबाहेर रॅम चालवणे किंवा व्होल्टेज उतरवणे, दोन्हींमुळे वॉरंटी जाते. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर जळाले, त्यानंतर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या रॅम हाताळणाऱ्या भागाचे व्होल्टेज) १.३ व्होल्टपुरते मर्यादित करणारे बायोस द्यावे लागले; एक्स्पो सुरू करताच काही मदरबोर्ड हे व्होल्टेज परस्पर चढवत होते.

पण माझी खरी काळजी जळण्याची नाही. जळलेला प्रोसेसर निदान कळतो. मर्यादेबाहेर चालवलेल्या रॅममधला एखादा बिट उलटला (० चा १ किंवा १ चा ० झाला) तर संगणक बंद पडेलच असे नाही. झिप फाइल तयार होते, जुनी मूळ फाइल आपण पुसून टाकतो, आणि पुढे कधीतरी ती उघडताना चेकसम (फाइल अखंड आहे का हे तपासणारा आकडा) जुळत नाही. डीडीआर५ च्या चिपमधली त्रुटीदुरुस्ती चिपच्या आतल्या चुकांपुरती असते. रॅम आणि प्रोसेसर यांच्यामधल्या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही. हिशेब, प्रबंध किंवा लग्नाचे फोटो ज्या संगणकावर आहेत, त्यावर हा खेळ नको.

प्रतिसाद १
वॉरंटीचा मुद्दा मला मान्य करावाच लागेल. मात्र बिट उलटण्याची भीती चाचणीने बरीच कमी होते: मेमटेस्ट८६ ही रॅम तपासणारी चाचणी रात्रभर चालवावी, त्यात एक जरी चूक दिसली तरी प्रोफाइल बंद करावे, आणि ऐन उन्हाळ्यात चाचणी पुन्हा घ्यावी, कारण जानेवारीत टिकलेली रॅम मे महिन्यात टिकेलच असे नाही.

धागाकर्ता
रॅमबाबत माझे मत बदलले, परंतु केवळ गेमसाठी ठेवलेल्या संगणकापुरते. कामाच्या संगणकावर मी ४८०० वरच राहीन.