मदत हवी आहे: सहा वर्षं कोअर बघितला, पण कागदावर नाव नाही

नमस्कार मंडळी. मी कराडचा, एम.एस्सी. जिऑलॉजी. सहा वर्षं ओडिशात केंदुझर जिल्ह्यात लोहखनिजाच्या खाणीवर आहे. आपल्याकडं सगळा काळा पाषाण, म्हणून तिकडं.

काम कोअर लॉगिंगचं, म्हणजे ड्रिलनं जमिनीतून काढलेला खडकाचा दांडा (कोअर) बघून नोंद (लॉग) करायची. पेटीतला कोअर ओला करायचा, हेमॅटाइट (लोहखनिज) कुठं संपतं न् शेल (चिकणमातीचा खडक) कुठं लागतो ते टिपायचं, 10 सेंटिमीटर आणि त्यावरचे अखंड तुकडे मोजून आरक्यूडी, म्हणजे खडक किती अखंड आहे त्याची टक्केवारी, काढायचा. नखातली लाली गावी आल्यावरही जात नाही. आई विचारते, मेंदी काढलीस काय?

अडचण अशी. खनिजसाठे जाहीर करायच्या ऑस्ट्रेलियाच्या जेओआरसी संहितेनुसार 'सक्षम व्यक्ती' (साठ्याच्या अहवालाची जबाबदारी घेणारा तज्ज्ञ) व्हायला त्या प्रकारच्या साठ्याचा आणि त्या कामाचा किमान 5 वर्षांचा अनुभव लागतो, वर ऑसआयएमएम किंवा एआयजीसारख्या तिथल्या खाण-भूशास्त्र व्यावसायिकांच्या संस्थेचं सदस्यत्व. वर्षं भरली, पण लॉगवर सही कायम साहेबांची. अनुभवपत्र मागितलं की "बघू".

कुणी हे सदस्यत्व घेतलंय का? अनुभव कसा दाखवलात? माझ्याकडं रोजच्या वह्या आहेत, पण त्यातले आकडे कंपनीचे. ते बाहेर दाखवणं मला पटत नाही.

दुसरं, यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा. मर्यादा 32 ची, मी तिशीत. खाणीवर राहून अभ्यास झालाय का कुणाचा?

घरचे म्हणतात, परत ये, बोअरचे पॉइंट दाखव. पण इथं हातावर नारळ उभा करणाऱ्याला आधी बोलावतात, आपल्याला बोअर कोरडी गेल्यावर!