ऑफिसातला कॉम्प्युटर आणि लिनक्सचा घोळ

म्हेत्रे वहिनी ए-२०२: माने साहेब, मेंटेनन्सची पावती अजून नाही. आज ऑफिसात जाऊन बसले तर पडद्यावर नुसतं गोल गोल फिरायलंय. किती दिवस असंच चालायचं?

माने (सेक्रेटरी): वहिनी हातानं लिहून देतो संध्याकाळी. कॉम्प्युटर लई हँग व्हायलाय. दुकानदार म्हणतो ह्याच्यात विंडोज ११ बसतच नाही.

कोंडा अण्णा बी-३०१: नवीन घ्या. विषय संपला.

जोशी काका ए-१०१: मशीन उत्तम आहे. आमच्या कमिटीनं घेतलं तेव्हा पळत होतं. नंतर कोणी काय काय टाकलं देव जाणे.

माने (सेक्रेटरी): काका, आत तीन अँटीव्हायरस निघाले. तिन्ही आमच्या आधीचे 🙏

अमेय बी-४०२: काका मी मागच्या रविवारी बघितलाय तो. तिसऱ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, जुनी हार्डडिस्क. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, त्यामुळं ते नाहीच बसणार. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, म्हणजे बँकेचं नेट बँकिंग त्याच्यावर उघडणं बरं नाही. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकू, ती पण विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टीम (ओएस) आहे, त्यातलं हलकं एक्सएफसीई वालं. फुकट आहे, खाली स्टार्टसारखं बटण आहे, शिकायला काही नाही.

बिराजदार (खजिनदार): हिशोबाचं टॅली सॉफ्टवेअर चालेल का?

कोंडा अण्णा बी-३०१: फुकट म्हणजे काहीतरी गडबड असणार. नवीन घ्या.

चव्हाण सर ए-४०३: अण्णा, केरळात सरकारी शाळा लिनक्सवर चालतात. शिवाय आपल्या सरकारी सी-डॅक संस्थेचं बॉस लिनक्स आहे. स्वदेशी असताना परक्यांचं कशाला?

अमेय बी-४०२: सर बॉस पण डेबियन नावाच्या लिनक्सवरच बांधलंय, वाईट नाही. पण उद्या मी पुण्याला गेल्यावर इथं काही अडलं तर माने काका नेटवर शोधणार, आणि मिंटचं उत्तर लगेच सापडतं. नवख्या माणसाला हाच मोठा फरक पडतो, बाकी दिसायला सगळी सारखीच.

जोशी काका ए-१०१: सगळी हुशार पोरं पुण्याला आणि सोसायटी सांभाळायला म्हातारे.

बिराजदार (खजिनदार): टॅली चालेल का ते सांगा आधी.

शेख भाभी बी-२०३: अमेय, आमच्या पोराचा जुना लॅपटॉप २ जीबीचा आहे, त्याच्यावर पण हेच टाकू का?

अमेय बी-४०२: भाभी २ जीबीवर मिंट चालू होतं पण रडत. अँटीएक्स नाहीतर पपी, ही हलकी लिनक्स बघू. आधी प्रोसेसर ३२ बिट आहे का ६४ ते बघायला लागंल, मिंट २० पासून त्यांनी मेन एडिशनमधून ३२ बिट काढून टाकलंय.

म्हेत्रे वहिनी ए-२०२: भाभींचा लॅपटॉप नंतर बघा की ओ, सोसायटीचं चाललंय ना?

शेख भाभी बी-२०३: विचारलं फक्त वहिनी 🙂

बिराजदार (खजिनदार): तिसऱ्यांदा विचारतोय. टॅली?

अमेय बी-४०२: सॉरी काका. टॅली विंडोजसाठीच आहे. लिनक्सवर वाईन नावाच्या सोयीतून काही व्हर्जन चालतात, पण ऑडिटच्या तोंडावर त्याच्या भरवशावर राहू नका. पण तुम्ही टॅली वापरता का? मला तर त्यात फक्त एक्सेल दिसलं.

बिराजदार (खजिनदार): टॅली ऑडिटरकडं त्यांच्या ऑफिसात असतं. आपण एक्सेल पाठवतो.

माने (सेक्रेटरी): 😂😂

जोशी काका ए-१०१: हसण्यासारखं काय त्यात? खजिनदारानं विचारायलाच पाहिजे.

अमेय बी-४०२: मग प्रश्न मिटला. एक्सेलची फाइल लिनक्सवरच्या लिब्रेऑफिसमध्ये उघडते. फक्त बिलाच्या शीटमध्ये जोशी काकांच्या काळातले मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या सूचना) आहेत ते कदाचित चालणार नाहीत, ती शीट मी नवीन करून देतो. दुसरं, जुन्या नोटिसा युनिकोडमध्ये (सगळीकडं दिसणारं मराठी) नाहीत, जुन्या फाँटमध्ये आहेत, तो फाँट नसला तर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतील. फाँटची फाइल आधी कॉपी करून ठेवायची. प्रिंटरचं तिथंच लावून बघू, काही मॉडेल लिनक्सवर लगेच चालतात, काही छळतात.

बिराजदार (खजिनदार): हातमागवाल्याला यंत्रमागावर बसवल्यासारखं होणार आमचं.

कोंडा अण्णा बी-३०१: म्हणून म्हणतोय नवीन घ्या.

माने (सेक्रेटरी): अण्णा, तुमच्याकडून मागच्या दोन तिमाहीचं आलं की नवीनच घेऊ.

कोंडा अण्णा बी-३०१: लिफ्ट सुरू करा, लगेच देतो.

म्हेत्रे वहिनी ए-२०२: झालं. आता लिफ्ट.

चव्हाण सर ए-४०३: कृपया मर्यादा पाळावी. सर्वांनी.

अमेय बी-४०२: एक खरं सांगतो, लिनक्स टाकलं तरी जुनी हार्डडिस्क तीच राहिली तर फार फरक नाही पडणार. २४० जीबीची एसएसडी (वेगवान डिस्क) टाका, त्यानं जास्त पळेल. आणि क्रोममध्ये वीस टॅब उघडले तर ४ जीबी रॅमवर कुठलीही ओएस असू द्या हँग होणारच. जुनी डिस्क पुसायची नाही, काढून कपाटात ठेवायची, सगळा हिशोब तसाच राहील.

बिराजदार (खजिनदार): हे पटलं. पण एसएसडीची दोन कोटेशन पाहिजेत, नवी पेठेतून एक आणि दुसरीकडून एक. त्याशिवाय चेक निघणार नाही.

माने (सेक्रेटरी): आणतो. टाकायच्या आधी बघता येतं का पण? एकदम बदललं तर मी आडवा होईन.

अमेय बी-४०२: येतं की. पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवायचं, डिस्कला हात लागत नाही. जरा हळू चालेल, पण वायफाय, प्रिंटर, मराठी टायपिंग सगळं तपासून होतं. रविवारी सकाळी ११ ला या सगळे.

म्हेत्रे वहिनी ए-२०२: रविवारी पाण्याचा दिवस आहे. सकाळी कोण येणार?

अमेय बी-४०२: बरं, संध्याकाळी ५. कुणाकडं ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आहे का?

जोशी काका ए-१०१: माझ्याकडे आहे. धाकटीच्या लग्नाचे फोटो आहेत त्यात, चालेल ना?

अमेय बी-४०२: काका नको, सगळं पुसलं जातं त्यातलं. रिकामा पाहिजे.

शेख भाभी बी-२०३: माझ्याकडं आहे रिकामा. लॅपटॉप पण घेऊन येते 😄