तलंग म्हणजे नेमकी कोणती कोंबडी?

अमळनेरकर:
कोंबड्यांच्या गट वाटपाच्या सरकारी योजनेचा कागद वाचला, त्यात लिहिलंय '8 ते 10 आठवडे वयाच्या तलंगा, 25 माद्या व 3 नर'. मला हे अजिबात पटलेलं नाही. आमच्याकडे तलंग म्हणजे अंड्यावर यायला टेकलेली कोंबडी. तुरा लाल व्हायला लागतो, टोपल्या-कोपरे धुंडाळत फिरते, पाठीवर हात ठेवला की पंख जरा फाकवून खाली दबते, ती तलंग. आमनी माय सांगे, "तलंग शे ती, आजून अंडावर उनी नही." आठ आठवड्यांचं म्हणजे पिल्लूच की हो, गावठी असेल तर अंड्याला अजून तीन-चार महिने. आणि नर तलंगा कसा होईल?? म्हशीची वगार, गाईची कालवड, शेळीची पाठ (म्हणजे तरणी शेळी) हे सगळे न व्यालेल्या मादीचेच शब्द आहेत ना, व्याली की शब्द सुटला.

नवापूरचा भाऊ:
भाऊ वगारीचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय. दूध तुटलं तेव्हापासून व्यायेपर्यंत ती वगारच असते, फक्त शेवटच्या महिन्यात नाही. मग 8 आठवड्यांची तलंग का नाही? आम्ही लेअर फार्मवाले, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणारे, पुलेट म्हणतो, आणि इंग्रजीत पुलेट म्हणजे साधारण वर्षाच्या आतली कोंबडी, अंडी सुरू झाली तरी लगेच शब्द बदलत नाही. 8 आठवडे हा आकडा कोणी उगाच टाकलेला नाहीये, तोवर ब्रूडिंग, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायचा काळ, संपतं, बल्बची ऊब लागत नाही, राणीखेत रोगाची आरटूबी लस त्याच सुमाराला होते, मरतुक कमी. ज्या बाईला घरामागे चार कोंबड्या सोडायच्यात तिला एकदिवसीय पिल्लं देऊन काय फायदा, निम्मी मांजर आणि मुंगूसच नेणार. 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापूरलाच निघाला, शेडच्या शेड रिकामे झाले, ते परत भरायचे तर बोली वयाच्या आठवड्यांवरच होते, तुरा लाल आहे का यावर गाडी लोड होत नाही.

साक्रीची ताई:
मी अमळनेरकर दादांच्या बाजूने, आणि कारण शब्दाच्या प्रेमाचं नाही. आमच्या गल्लीत एकीने बाजारातून 'तलंगा' म्हणून कोंबड्या घेतल्या आणि आता अंड्यावर येतीलच म्हणून पहिल्या दिवसापासून लेअरचं खाद्य चालू केलं. त्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, वाढत्या पक्ष्याला एवढं झेपत नाही, किडनी खराब होते. त्यांना ग्रोअर, म्हणजे वाढीच्या वयातलं खाद्य, द्यायचं असतं. शब्द सैल वापरला की नुकसान पाळणाऱ्या बाईचं होतं.

शिरपूरकर:
मुळात हा शब्द तेलंगणातून आलाय असं माझं मत, तेलंग-तलंग, तिकडच्या कोंबड्या इकडे येत असतील.

बोरीकाठ:
नुसता उच्चार जुळला म्हणून नातं लावू नका हो. तेलुगूत कोंबडीला कोडी म्हणतात, मादीला पेट्ट, तलंगच्या जवळचं त्यात काहीच नाही. त्यापेक्षा संस्कृतात तरुण शब्दाचं 'तलुन' असंही रूप आहे, र चा ल झालेला, ते मला जास्त जवळचं वाटतं. शेवटचा 'ग' मात्र त्यातून सुटत नाही, म्हणून मी ठामपणे मांडणार नाही. पुलेटचं मूळ स्वच्छ आहे, फ्रेंचमधून आलं आणि त्याच्या मागे लॅटिन पुल्लुस, म्हणजे कुठलंही लहान जनावर किंवा पाखरू, पोल्ट्री पण त्याच घरातलं. म्हणजे तिकडे मुळात ना अंडं आहे ना मादी. आणि आता कोणी म्हणेल पिल्लू आणि पुल्लुस एकच, तर पिल्लूचं गणगोत दक्षिणेत आहे, तेलुगू पिल्ल, तमिळ पिळ्ळै.

अमळनेरकर:
मग पुलेटच्या मापाने तलंग कशाला मोजायची? तिकडे लहानपण मोजलंय, इकडे आपल्या बायांनी अंड्याची वाट बघत शब्द वापरलाय. कागदात 'वाढीच्या माद्या, 8 ते 10 आठवडे' लिहा, नर वेगळे लिहा, ताईंनी सांगितला तो घोटाळाच होणार नाही.

नवापूरचा भाऊ:
नर वेगळे लिहा हे बरोबर. पण तलंग शब्द कागदातून काढू नका भाऊ. आमच्या फार्मवरच्या पोरांना तो त्या योजनेच्या अर्जामुळेच माहीत झाला, घरी कोंबड्या उरल्याच नाहीत तर माय कोणाला दाखवून सांगणार? खाद्याचं एक ओळीत लिहून द्या, अंडं दिसायला लागेपर्यंत ग्रोअर, बस.

साक्रीची ताई:
आणि ती ओळ मराठीसोबत अहिराणीतही छापा, आमच्याकडे ज्या बाया कोंबड्या पाळतात त्यांना तीच लवकर कळते.